कांड्यांच्या पेटीतली घड्याळं

जागेश्वर पौनीकरची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झालेल्या आहेत, त्यामुळे त्यात त्याचा काही दोष नाही. साल सदुसष्ट. नागपुरात टिमकीच्या एका शाळेत मी नुकताच विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो होतो, आणि माझं चावीचं घड्याळ रोज सात मिनिटं मागं पडत होतं. शाळेजवळच्या गल्लीत एका घराच्या ओसरीवर एक माणूस डोळ्याला भिंग लावून बसलेला दिसला. मी घड्याळ त्याच्यापुढे धरलं आणि आत काय बिघडलं असावं हे त्यालाच समजावून सांगू लागलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमाले येवढं समजते," तो म्हणाला, "तं मंग माह्याकडे काहून आणलं?"

घड्याळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. मी मात्र पुढची बावीस वर्षं त्या ओसरीवर जात राहिलो. शाळा सुटली की पाऊण तास तिथल्या बाकावर बसायचं, चहा प्यायचा आणि वाद घालायचा. उंटावरच्या शहाण्याला बसायला एक उंट लागतो. माझा उंट म्हणजे ते बाक.

पौनीकर मूळचे विणकर. आजा, बाप, सगळे हातमागावर नागपुरी लुगडी विणणारे. साठ सालाच्या आसपास यंत्रमागाचं लुगडं स्वस्त मिळू लागलं आणि गल्लीतले माग एकेक करून थांबले. कोणी गिरणीत गेलं, कोणी सायकलरिक्षा धरली. जागेश्वरची बोटं शंभर नंबरच्या सुताला गाठ मारून ती गाठ दिसू न देणारी होती. सीताबर्डीवरच्या रामाजी नावाच्या म्हाताऱ्या घड्याळजीनं ती बोटं पाहिली आणि त्याला हाताखाली घेतलं. चार वर्षांत जागेश्वरनं स्वतःच्या ओसरीवर टेबल मांडलं.

पण मागच्या खोलीतला माग त्यानं मोडला नाही. त्यावर वीतभर लांबीचा जुना ताणा, म्हणजे उभे धागे, तसाच लावलेला होता. मी एकदा विचारलं की हे लाकूड जागा अडवून का बसलंय. तेव्हा त्याची आई जनाबाई आतून म्हणाली, "रिकामा माग घरात ठेवू नाई, मास्तर. ताणा संपला तरी वीतभर ठेवा लागते. नवा ताणा जुन्यालेच जोडतेत."

ते खरंच तसं असतं. नवा ताणा मागावर चढवायचा तर प्रत्येक धागा फणीतून नव्यानं ओवत नाहीत; जुन्या ताण्याची टोकं फणीत राहू देतात आणि नव्याचे धागे त्यांना एकेक करून सांधतात. दोन-अडीच हजार धागे. राखेत बोटं बुडवून जनाबाई ते एका बैठकीत सांधायची, असं गल्लीत सांगत. जुनं पूर्ण कापून टाकलं तर नव्याला धरायला काही उरत नाही, एवढी साधी गोष्ट. पुढे हीच साधी गोष्ट आम्हाला महागात पडली.

पहिलं लाल आकड्यांचं घड्याळ त्या ओसरीवर अठ्ठ्याहत्तर साली आलं. धरमपेठेतल्या एका वकिलांचं. चौकोनी, सोनेरी पट्ट्याचं, आणि तोंडावर नुसती काळी काच. काटे नाहीत, आकडे नाहीत, टिकटिक नाही. बाजूचं बटण दाबलं की काचेच्या आत लाल आकडे पेटायचे आणि दोन श्वास घेईपर्यंत विझायचे. वकील वैतागले होते. दर महिन्याला सेल संपतो, म्हणाले, आणि वेळ बघायला दुसरा हात मोकळा लागतो. एका हातात फाईल असली की माणूस आंधळा. त्याच्या बदल्यात त्यांनी एक जुनं चावीचं घड्याळ नेलं आणि ते लाल घड्याळ जागेश्वरच्या टेबलावर टाकून गेले.

जागेश्वरनं ते कानाला लावलं. मग हसला. "मास्तर, ह्याच्यात काईच चालून नाई राह्यलं. मंग टाइम कोठून येते?"

मी खडू नसलेल्या हातानं हवेत आकृत्या काढत स्फटिक, कंपनं वगैरे सांगितलं. माझं मलाच पुरतं कळत नव्हतं, पण मास्तराला थांबता येत नाही. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. तो भिंगातून बटण दाबून-दाबून आकडे बघत होता. चार दिवस त्यानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मी गेलो तर त्यानं टेबलावर आगपेटीच्या सात काड्या मांडल्या होत्या.

"पहा," तो म्हणाला. "सगळ्या सात काड्या उचलल्या का आठ. मधली दबवली का शून्य. ह्या दोनच उचलल्या का एक. हे तं काठाचं काम आहे, मास्तर. कोणता धागा वर, कोणता खाली. ज्यानं हे बनवलं, त्याचा आजा कोष्टीच असन."

मी म्हटलं, ते सगळं विजेचं गणित आहे, त्यात तुझा आजा कुठून आला. पण घरी जाऊन मीही काड्या मांडून पाहिल्या, हे कबूल करतो. पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात तेच शिकवलं आणि कुणाकडून शिकलो ते सांगितलं नाही.

त्या घड्याळाचा खरा मालक मात्र वेगळाच निघाला. जनाबाईला अक्षर येत नव्हतं. काट्यांचं घड्याळ तिला कधीच कळलं नाही. सहा घड्याळं भिंतीवर टांगलेल्या घरात ती ऊन कुठवर आलं त्यावरून वेळ सांगायची. पण आकडे तिला यायचे, तेही इंग्रजी, कारण सुताच्या पुड्यांवर नंबर इंग्रजीतच छापलेला असायचा, आणि ऐंशीचं सूत शंभराचं म्हणून माथी मारलेलं तिनं जन्मात खपवून घेतलं नव्हतं. एके दिवशी ते लाल घड्याळ तिच्या हातात आलं. तिनं बटण दाबलं. काचेकडे पाहिलं. पुन्हा दाबलं.

"पाच," ती म्हणाली. "बारा." मग माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे का, मास्तर?"

मी माझं मनगट पाहिलं. पाच वाजून बारा मिनिटं.

बासष्ट वर्षांच्या त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता वेळ वाचली होती.  

त्या दिवसापासून ते घड्याळ जनाबाईच्या मनगटावर, बांगड्यांच्या मागं. गल्लीतल्या बायका नळावरून विचारायच्या, "जनाबाई, किती झाले वं?" आणि ती बटण दाबून मोठ्यानं सांगायची, "चार, सव्वीस!" "सहा, चाळीस!" मध्ये 'वाजून' नाही, शेवटी 'मिनिटं' नाही. सुताचा नंबर सांगावा तसं. आणि दर वेळी ओसरीवरून, डोळ्याचं भिंग न काढता, जागेश्वर म्हणायचा, "हो माय."

"तुझ्यासमोर सहा घड्याळं टांगलीयत," मी एकदा त्याला चिडवलं. "तुला वेळ माहीत नाही होय?"

"थे मले सांगून राह्यली," तो म्हणाला. "मंग हो नको म्हणू?"

ऐंशी सालाच्या सुमारास राखाडी काचेवर काळे आकडे असलेली घड्याळं आली. त्यांना बटण दाबावं लागत नव्हतं, सेल वर्ष-दोन वर्षं चालायचा आणि किंमतही कमी. लाल आकड्यांची घड्याळं लोकांना जड वाटू लागली. पुढे ती काळ्या आकड्यांचीही बंद पडू लागली, कारण त्यांची दुरुस्ती नागपुरात कोणालाच येत नव्हती. सीताबर्डीवरचे मोठे दुकानदार सरळ सांगायचे, फेकून द्या. जागेश्वर सांगायचा, "ठेवून जा. आज नाई होत. पण फेकू नका. कधी ना कधी मागाले याल."

आणि लोक ठेवून जायचे. तो जुन्या लुगड्याच्या काठाची बोटभर चिंधी कापायचा, त्यावर शाईनं नाव आणि साल लिहायचा आणि पट्ट्याला बांधायचा. दुसरी तशीच चिंधी गिऱ्हाइकाला द्यायचा. घड्याळ जायचं कांड्यांच्या पेटीत. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या सुताच्या गुंडाळ्या, म्हणजे कांड्या, ज्या लाकडी पेटीत ठेवत, तिच्यात छोटे-छोटे खण होते. एका खणात एक घड्याळ, खाली कापूस.

मी त्याला सोडायचो नाही. "हा भंगाराचा देव्हारा कशाला?" मी म्हणायचो. "चावीचं घड्याळ पन्नास वर्षं चालतं, ते ठेव. हे पाच वर्षांचं पोर. आलं काय, गेलं काय. कोण विचारणार आहे याला?"

"म्हणूनच विचारतीन," तो म्हणाला. आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. त्याचा बाप एक काठ विणायचा, तो दोन-तीन वर्षंच चालला. मग लोकांना कंटाळा आला, तो काठ कोणी घेईना. पंधरा वर्षांनी एक बाई उमरेडहून आली आणि रडकुंडीला येऊन विचारू लागली की माझ्या मायच्या लग्नातला तो काठ कोणाकडे आहे का. बापाकडे नव्हता. त्यानं नमुना ठेवलाच नव्हता. "जे सदा आहे त्याची याद नाई येत, मास्तर," जागेश्वर म्हणाला. "जे आपल्यासमोर आलं आन आपल्यासमोरच गेलं, त्याची येते. काठ जुना झाला का टाकाऊ. लय जुना झाला का नमुना. मधातल्या वर्षांत कोणीतरी सांभाळा लागते. थोच तं कोणी नसते."

त्याच वेळी, ब्याऐंशीच्या पावसाळ्यात, त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती मी जशीच्या तशी लिहितो, कारण ती लिहिण्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो आहे.

तो म्हणाला, "मी एकबी घड्याळ रिकामी ठेवत नाई. सेल आतच राहू देतो. ज्याच्यात नसन, त्याच्यात जुना का होईना, एक टाकून ठेवतो. रिकामा माग ठेवत नाई, तसं."

मी, विज्ञानाचा मास्तर, हे ऐकून उडालोच. अंधश्रद्धा! मी अर्धा तास बोललो. रिकाम्या मागानं काही होत नाही, रिकाम्या घड्याळानं काही होत नाही, हे सगळे मनाचे खेळ आहेत, वगैरे वगैरे. चहा गार झाला तरी बोललो. त्यानं नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं आणि त्याला जे करायचं तेच केलं.

दर जून महिन्यात मी वर्गात सांगायचो की पोरांनो, टॉर्च वापरायचा नसेल तर सेल बाहेर काढून ठेवा. संपलेला सेल गळतो आणि आतलं सगळं खातो. हे एक वाक्य त्या अर्ध्या तासात माझ्या तोंडून निघालं नाही. त्याची श्रद्धा खोडण्याच्या नादात मला त्याची पेटी दिसलीच नाही. ती मी कधी नीट उघडून पाहिलीही नव्हती. भंगार काय बघायचं, अशी माझी ऐट.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात जनाबाई गेली. दोन दिवसांच्या तापात. शेवटच्या दिवशी दुपारीही तिनं नळावरच्या बायकांना वेळ सांगितली होती, पण आवाज ओसरीपर्यंत आला नाही. जागेश्वरनं तेरा दिवस टेबल बंद ठेवलं. आईचं घड्याळ पेटीच्या कोपऱ्यातल्या खणात ठेवलं, चिंधी न बांधता. ते त्यानं पुन्हा कधी उघडलं नाही. 

पाच वर्षं गेली. काट्यांच्या घड्याळांचा जमाना परत आला; आता तीही सेलवर चालायची. पेटीत त्रेचाळीस घड्याळं जमली आणि एकही चिंधी परत आली नाही. त्याची बायको चंद्रकला कधीमधी म्हणायची, "कोणी येत नाई, अवो. थे पेटी वर फळीवर ठेवा. मले तांदूळ ठेवाले जागा पाह्यजे." तो मान हलवायचा आणि पेटी तिथंच ठेवायचा. मी मात्र पाहत होतो. पूर्वी चिंधी बांधताना तो बोलायचा, आता मुकाट्यानं बांधायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "मास्तर, तुमीच बरोबर असान का?" मी म्हटलं, "असेन की." किती सोपं असतं असं म्हणणं.

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात, एका शनिवारी, शाळा सकाळची होती म्हणून मी अकरा वाजताच बाकावर होतो. रिक्षातून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या बारीक ठिपक्यांचं पातळ, हातात पर्स. त्यांनी पर्समधून एक चिंधी काढली आणि टेबलावर ठेवली. काठ विटला होता पण शाई वाचता येत होती.

"माझ्या मिस्टरांनी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "एक्याऐंशी साली. तुम्ही म्हणाला होतात म्हणे, फेकू नका. ते गेले चार वर्षांपूर्वी. कपाट आवरताना ही चिंधी सापडली. अजून आहे का हो ते?"

जागेश्वरनं चिंधी हातात घेतली. मी त्याला बावीस वर्षं ओळखत होतो, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत चिंधी घेऊन आलेलं पहिलं माणूस. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"आहे ना," तो म्हणाला. "कायले नाई? बसा तुमी. चंद्रकला, चहा ठेव वं."

त्या शोभाताई. धरमपेठेत राहायच्या. मिस्टर टपाल खात्यात होते आणि ते घड्याळ त्यांनी पहिल्या बोनसमधून घेतलं होतं. शोभाताई चहा पिता पिता सांगत होत्या, "लाइट गेली की आमच्या घरी पोरं ओरडायची, बाबा, घड्याळ! मग ते बटण दाबायचे. सगळी लाल उजेडात त्यांचं नाक बघून हसायची. चालू नाही झालं तरी चालेल मला. पण तो लाल उजेड एकदा दिसला असता, तर बरं वाटलं असतं. बाकी काही नको."

जागेश्वरनं पेटी आणली. योग्य खण उघडला, चिंधी जुळवली आणि घड्याळ हातात घेतलं. अगदी जनाबाईच्या घड्याळासारखंच, चौकोनी, सोनेरी पट्ट्याचं. त्या काळी ते नागपुरात पुष्कळांनी घेतलं होतं. त्यानं शोभाताईंकडे पाठ करून मागचं झाकण उघडलं. मी बाजूलाच होतो. मला दिसलं.

आत हिरवट पांढरी पूड भरली होती. दोन्ही सेल फुटले होते. पितळी पट्ट्या गंजल्या होत्या आणि खालच्या पातळ पत्र्यावरच्या केसासारख्या रेषा जागोजागी खाल्ल्या गेल्या होत्या. मला एका क्षणात सगळं समजलं. पावसाळा, गार झालेला चहा आणि माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान.

त्यानं झाकण बंद केलं. वळून म्हणाला, "चार दिवसांनी या, ताई. सेल मंगवा लागते." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

त्या गेल्यावर तो एकेक खण उघडू लागला. दोन, पाच, बारा. कुठं पूड जास्त, कुठं कमी. धड एकही नाही. तिसाव्या घड्याळाला मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "जागेश्वर, मला माहीत होतं."

त्यानं भिंग काढलं.

"सेल गळतो, हे मला माहीत होतं. ब्याऐंशी साली तू मला सांगितलंस, तेव्हाही माहीत होतं. मी फक्त हे सोडून सगळं बोललो."

मला वाटलं तो रागावेल. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं, मला भांडण समजतं.  "मी रिकामी नाई ठेवली," तो म्हणाला. "म्हणून मेली." आणि पुन्हा भिंग लावून पुढचं घड्याळ उघडलं.

दोन दिवस त्यानं पेट्रोल आणि बारीक कुंचला घेऊन शोभाताईंचं घड्याळ साफ केलं. पूड निघाली. पण रेषा तुटल्या होत्या त्या तुटल्याच. शंभर नंबरच्या सुताला गाठ मारणारी बोटं तिथं चालेनात. मी शाळेतून वहीत आकृती काढून नेली, बारीक तार नेली, प्रयोगशाळेतली डाग देण्याची कांडी नेली. काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी पेटीत एकच घड्याळ उघडायचं राहिलं होतं. कोपऱ्यातलं. तो त्याला हात लावत नव्हता.

चंद्रकला दारात उभी होती. "थे उघडा," ती म्हणाली. "त्याच्यात सेल नाई."

आम्ही दोघंही तिच्याकडे पाहू लागलो.

"घरात कोणी गेलं का मागातला धोटा काढून ठेवतेत," ती म्हणाली. "तेरवी होईस्तोवर. मायनंच शिकवलं मले. माय गेली त्या दिवशी मी मागाचा धोटा काढला. मंग घड्याळ दिसली. वाटलं, हेबी तं तिचीच. म्हणून याचेबी सेल काढले अन देवाच्या डबीत ठेवले. तेरवी झाल्यावर धोटा परत घातला. सेल घालाले हात नाई उठला, बाप्पा. तुमाले सांगाची हिम्मत नाई झाली. तुमी म्हटलं असतं, रिकामी काहून केली."

जागेश्वरनं झाकण उघडलं. आत सगळं पिवळं, चकचकीत, जसंच्या तसं. त्यानं आदल्या दिवशी आणलेले दोन नवे सेल आत ठेवले. बटण दाबलं. काळ्या काचेत लाल आकडे पेटले, बारा आणि शून्य शून्य, आणि विझले. त्यानं पुन्हा दाबलं नाही.

मला वाटलं, निदान एक वाचलं. तेही आईचं. आता ते कोपऱ्यातल्या खणात सुखानं राहील, आणि शोभाताईंची मी माफी मागेन. पण तो दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून बसला होता. मग त्यानं चिमटा उचलला आणि आईच्या घड्याळातलं यंत्र अख्खं बाहेर काढलं. 

"काय करतोस?" मी म्हणालो.

"त्या बाईले शब्द देल्ला होता मी."

"अरे, पण तुझ्याकडे आईचं हे एकच आहे!"

"मास्तर," तो म्हणाला, "नवा ताणा कशाले जोडतेत?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते त्याच्या आईनंच मला दिलेलं होतं. 'जुन्यालेच.'

शोभाताई चौथ्या दिवशी दुपारी आल्या. जागेश्वरनं वेळ लावलेलं घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि लगेच, त्यांनी बटण दाबायच्या आधी, सांगून टाकलं. "ताई, वरची केस, काच, पट्टा तुमच्या मिस्टरांचा आहे. आतलं जळलं होतं. माह्या चुकीनं जळलं." मी मध्ये काही बोलणार तेवढ्यात त्यानं हातानं मला थांबवलं. "आतलं यंत्र माह्या मायच्या घड्याळीतलं आहे. नाई पाह्यजे असन तं सांगा. तुमाले फसवून देनार नाई मी."

शोभाताईंनी घड्याळ उलटंपालटं केलं. पट्ट्याचा एक दुवा वाकलेला होता, त्यावरून बोट फिरवलं. "हा दुवा त्यांनीच दातानं वाकवला होता," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आणि तुमच्या आई?"

"नाईत आता. पाच वर्षं झाली."

त्यांनी मान हलवली. जागेश्वर वळला. आईच्या घड्याळाची रिकामी केस त्यानं हातात घेतली, काठाची एक चिंधी तिच्या पट्ट्याला बांधली आणि आमच्याकडे पाठ करून ती पेटीच्या कोपऱ्यातल्या खणात ठेवू लागला. या वेळी आत काही न घालता, रिकामीच.

ओसरीत ऊन नव्हतं. शोभाताईंनी बटण दाबलं. लाल उजेड त्यांच्या बोटांवर पडला. चष्मा पर्समध्येच राहिला होता, म्हणून त्यांनी घड्याळ डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं आणि एकेक आकडा लावत मोठ्यानं वाचलं,

"चार… सव्वीस."

"हो माय," जागेश्वर म्हणाला.

त्याचा हात खणातच थांबला. दारात चंद्रकलानं पदर तोंडाला लावला. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. त्या क्षणभर त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. घड्याळातला उजेड विझला होता. त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी थोडं आणखी मोठ्यानं, ओसरीभर ऐकू जाईल असं वाचलं,

"चार, सत्तावीस."